नल, ऋतुपर्ण आणि सात नंबर

घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणं हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरवून टाकलं. खटला तमिळनाडूतला होता. घोड्याचं कूळ, त्याची तयारी, जॉकीचा हात, पाठीवरचं वजन या सगळ्याचा विचार करून जो पैज लावतो, त्याला जुगारी म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा सारांश. निकाल विचारपूर्वक दिलेला आहे, याबद्दल शंका नाही. फक्त न्यायमूर्तींसमोर जे पुरावे आले, त्यात आमचा ग्रुप नव्हता.

वास्तविक आमच्या ग्रुपमध्ये कौशल्याला तोटा नाही. तात्या जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले पशुवैद्य. जनावर नुसतं समोरून चालत गेलं तरी त्याला कुठे दुखतंय ते सांगतात. (त्यांच्या हाताखालून गेलेल्या जनावरांत म्हशींची बहुसंख्या होती, ही गोष्ट त्यांनी रेसकोर्सवर कोणाला सांगितली नाही. आम्हीही नाही.) वसंता हा सहकारी संस्थांचा ऑडिटर. लग्नाच्या जेवणातही ताटं मोजतो. अप्पांनी नोकरीची सगळी वर्षं डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करण्यात काढली आणि त्या बळावर जगातल्या कोणत्याही वाहनाविषयी मत देण्याचा हक्क मिळवला. वहिनी म्हणजे अप्पांच्या पत्नी. त्या आल्या त्या "हे पैसे घेऊन एकटे जाणार असतील तर मी घरी बसून काय करू?" या एका वाक्यावर.

रेसला जायची टूम निघाली तीही अप्पांमुळेच. डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० रोजी, आणि शाळेत घालताना मास्तरांनी अप्पांची जन्मतारीख लावली तीही १ जून. हा ऋणानुबंध अप्पा फार मानतात. दर वर्षी त्या दिवशी पुणे स्टेशनवर गाडीचा वाढदिवस होतो, केक कापतात, तिथे हे घरचं कार्य असल्यासारखे हजर असतात. अशाच एका वाढदिवसाला कोणीतरी त्यांना सांगितलं की ही गाडी सुरुवातीला फक्त शनिवार-रविवारी धावायची, आणि मुंबईच्या शौकिनांना पुण्याच्या रेसला आणायची. अप्पांना धक्का बसला. ज्या गाडीत बसून त्यांनी प्रामाणिकपणे प्रॉव्हिडंट फंड साठवला, डायनिंग कारमधलं ऑम्लेट महिन्यातून एकदाच, पगाराच्या दिवशी खाल्लं, ती मुळात जुगाऱ्यांची गाडी होती! "मग तो प्रकार आहे तरी काय, एकदा बघायलाच पाहिजे," अप्पा म्हणाले, आणि पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही वसंताच्या गाडीत दाटीवाटीने बसलो.

पेठांमध्ये वाढलेल्या माणसाला पुण्याचं रेसकोर्स ठाऊक असतं ते एम्प्रेस गार्डनच्या वाटेवरची एक मोठी मोकळी जागा म्हणून. जानेवारीत फुलांच्या प्रदर्शनाला जाताना ते डाव्या-उजव्या हाताला लागतं, आणि सोबत मुलं असली तर आईवडील त्याच वेळी त्यांना दुसऱ्या बाजूचं झाड दाखवतात. जागा लष्कराची. शर्यती १८३० पासूनच्या, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी बारा वर्षांहून जास्त दम धरला नाही. हिवाळा आणि उन्हाळा मुंबईत महालक्ष्मीला, पावसाळा पुण्यात, असा या घोड्यांचा रिवाज आहे. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब दोन्हीकडचा कारभार बघतो. नावात 'वेस्टर्न इंडिया' १९२५ पासून, 'रॉयल' १९३५ पासून. राजा गेला तरी हे रॉयल तसंच राहिलं, कारण बदलायला अर्ज करावा लागला असता, असं वसंताचं मत.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की घोडा कोणीच बघत नाही. समोर हिरवंगार मैदान, वर भरून आलेलं आभाळ, आणि हजारो माणसं माना खाली घालून एका पुस्तकात बोट घालून उभी. दहावीच्या परीक्षेदिवशीही मी इतका अभ्यास पाहिलेला नाही. कोणाच्या कानावर पेन्सिल, कोणाच्या खिशाला चार रंगांची पेनं. सत्तरीचा एक पारशी बाबा बाकावर बसून भिंगाने आकडे वाचत होता. शेजारी रिक्षावाल्याच्या खाकी शर्टातला माणूस त्याला गुजरातीत काहीतरी विचारत होता, आणि बाबा त्याला सर म्हणत होता. पुण्यात दोन अनोळखी माणसं इतक्या आदराने बोलताना मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

ते पुस्तक आम्हीही घेतलं. त्यात प्रत्येक घोड्याची सगळी कुंडली असते: आई, बाप, आईचा बाप, मालक, ट्रेनर, वय, रंग, मागच्या शर्यतींत कितवा आला, किती वजन घेऊन पळाला, किती वेळ लागला. बापाच्या बापापर्यंत चौकशी आमच्याकडे फक्त लग्न ठरवताना होते, आणि तिथेही वजन विचारत नाहीत. तात्यांना वयाच्या रकान्याने घोळात टाकलं. शर्यतीच्या घोड्यांचं वय १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीच्या थंडीत जन्मलेला आणि एप्रिलमधला, दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी. आयुष्यभर जनावराच्या तोंडात हात घालून दातांवरून वय सांगितलेल्या माणसाला हे पटेना. अप्पा मात्र पुस्तकाकडे प्रेमाने बघायला लागले. १ जूनवाल्या पिढीला यात काही गैर वाटत नाही.

नावांची तऱ्हा वेगळी. घोड्याचं नाव मोकळ्या जागा धरून इंग्रजी १८ अक्षरांत बसवावं लागतं, त्यामुळे काही नावं पाट्यांवरच्या आडनावांसारखी आखडलेली दिसतात. पण नाव ठेवण्यात खरी छाती दाखवली ती बडोद्याच्या प्रतापसिंह गायकवाडांनी. १९४५ साली त्यांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनी मोजून घेतलं. त्या काळी तो विक्रमी भाव होता. त्याचा सख्खा भाऊ त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकला होता. महाराजांनी शिंगराचं नाव ठेवलं सयाजीराव. साक्षात आजोबांचं. आमच्याकडे कुत्र्याला आजोबांचं नाव दिलं असतं तर कुत्र्याच्या आधी आम्ही घराबाहेर पडलो असतो. पण नातवाने आजोबांची अब्रू राखली. १९४७ साली सयाजीरावांनी आयरिश डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर, दोन्ही मारल्या. ज्या वर्षी इंग्रज इथून गेले, त्याच वर्षी तिकडे मैदानात इंग्रज प्रेक्षक 'कमॉन सयाजीराव' म्हणून ओरडत असणार, या कल्पनेने अप्पांना त्या दिवशी पहिल्यांदा रेसचा अभिमान वाटला. आपल्याकडची पहिली इंडियन डर्बी १९४३ ची. तीही बडोदेकरांच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. "घोडी!" वहिनी म्हणाल्या, आणि पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं.

पण सांगायचं आहे ते पॅडॉकचं. शर्यतीआधी घोड्यांना एका गोल आवारात फिरवतात आणि कठड्याला टेकून तुम्ही त्यांना हातभर अंतरावरून बघू शकता. इथे मात्र आमची बडबड थांबली. वरातीतला घोडा किंवा शाळेच्या सहलीतला माथेरानचा घोडा बघितलेल्या माणसाला हे जनावर वेगळ्याच मातीचं वाटतं. पाय इतके बारीक की एवढं धूड त्यांवर उभं कसं, हा प्रश्न पडावा. अंगाची कातडी इतकी पातळ की मानेवरून पोटाकडे गेलेली एकेक शीर मोजता येते. भुरभुर पाऊस पडत होता आणि त्यांच्या पाठीवरून वाफ निघत होती. एक काळसर कुमैत घोडी दर फेरीला आमच्यापाशी आली की कान मागे टाकायची. तिचा मोतद्दार, पंचविशीतला काटक पोरगा, तिच्या कानाशी सतत काहीतरी पुटपुटत होता. नीट कान दिला तेव्हा कळलं, तो तिला घरच्या अडचणी सांगत होता. चाल न चुकवता, लगाम न खेचता, बहिणीच्या सासरचं काहीतरी. घोडी ऐकत होती.

तात्यांचा इथे जीव लागला. "हा पंचकल्याणी बघ, चारही पायांत मोजे आणि कपाळावर पट्टा. त्या चार नंबरच्या मागच्या उजव्या खुरात काहीतरी आहे, टेकताना कचरतोय." आजूबाजूचे लोक हळूहळू तात्यांच्या जवळ सरकले. एवढ्यात सहा नंबरच्या घोड्याने शेपटी उचलली आणि आपलं कर्तव्य पार पाडलं. तात्या वाकून बघत म्हणाले, "लीद एकदम साफ. आतडी मोकळी. अंगातलं ओझंही उतरलं. सहा नंबर." शेजारच्या दोघांनी हे पुस्तकात लिहून घेतलं.

वसंताला लीद हा पुरावा मान्य नव्हता. त्याने मागच्या पाच शर्यतींची सरासरी काढली होती, तिला अंतराने भागलं होतं आणि वजनाचा फरक वजा केला होता. हे वजनाचं प्रकरण त्याला फारच झोंबलं. हँडिकॅप शर्यतीत ज्या घोड्याची आधीची कामगिरी सरस, त्याच्या पाठीवर जास्त वजन. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिसं घालून भरती करायची. शर्यत संपल्यावर जॉकी आपलं खोगीर काखेत मारून पुन्हा काट्यावर उभा राहतो आणि वजन जुळलं तरच निकाल पक्का. "म्हणजे चांगलं पळालं की शिक्षा?" वसंता म्हणाला. "मग तो घोडा दोन शर्यती मुद्दाम हळू पळून वजन उतरवून घेईल." हा शोध आपणच पहिल्यांदा लावला असं त्याला वाटलं. मागचा खाकी शर्टवाला हसून म्हणाला, "साहेब, म्हणून तर स्टुअर्ड ठेवलेत दुर्बीण घेऊन." वसंताचं उत्तर निघालं तीन नंबर.

एकाला घोडे कळतात आणि दुसऱ्याला आकडे, या अडचणीवर महाभारतात तोडगा आहे. द्यूतात सगळं घालवून वनात बसलेल्या धर्मराजाला नलाची गोष्ट सांगतात. नलाला घोडे कळायचे, पण फासे कळत नव्हते, राज्य गेलं. ऋतुपर्ण राजाला आकडे कळायचे. धावत्या रथातून त्याने बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं मोजून दाखवली, आणि नलाने रथ थांबवून, झाड तोडून ती पडताळली. मग दोघांनी विद्येची अदलाबदल केली आणि नलाने राज्य परत जिंकलं. रेसकोर्सवर नेमक्या याच दोन विद्या लागतात. आमच्याकडे दोन्ही विद्या हजर होत्या, नलही होता आणि ऋतुपर्णही. पण तात्यांच्या मते वसंताला जनावरातलं काही कळत नाही, आणि वसंताच्या मते तात्यांना भागाकार येत नाही. दोघांनी आपापली विद्या आपल्यापाशीच ठेवली.

अप्पांनी निळ्या-पांढऱ्या रेशमी शर्टातला जॉकी निवडला. क्वीनचा जुना रंग. दोन नंबर. मी निवडला नऊ नंबर, कारण दहा घोड्यांत तो एकटाच पांढुरका होता, आणि मैदानाच्या पलीकडून मला ओळखू येईल असा तोच होता. पैसे लावायचे तर ते जाताना दिसले तरी पाहिजेत.

पैसे लावायच्या दोन जागा. रिंगमध्ये बुकी उभे असतात, फळ्यावर भाव लिहितात आणि क्षणाक्षणाला पुसून बदलतात. तुम्ही घेतला तो भाव तुमचा, पुढे चढो की उतरो. दुसरी जागा टोटची खिडकी. तिथे सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमा होतात, त्यातून क्लबचा वाटा जातो, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. खिडकीपाशी अप्पा हे वहिनींना तिसऱ्यांदा समजावत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, कळलं. भिशीच आहे. फक्त भिशीत सगळ्यांचा नंबर लागतो."

हे एकदा डोक्यात शिरलं की रेसकोर्स वेगळंच दिसायला लागतं. तुमचा मुकाबला घोड्याशी नसतो, क्लबशीही नसतो. तो असतो शेजारी चहा पिणाऱ्या माणसाशी. तुम्ही ज्या घोड्यावर लावले त्यावर आणखी शंभर जणांनी लावले की तुमचाच वाटा घटतो. आमच्यातल्या कोणाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं, वहिनींच्या आलं, आणि त्याचा पहिला प्रसाद मिळाला एका टिपवाल्याला.

टिपवाला म्हणजे ओली छत्री, सफारी, आणि तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून बोलायची सवय. तो अप्पांच्या खांद्याशी आला आणि कुजबुजला, "पाच नंबर. आतली बातमी आहे. सकाळच्या ट्रॅकवर स्वतः पाहिलाय."

"खात्री आहे?" वहिनींनी विचारलं.

"शंभर टक्के, ताई."

"मग आम्हाला कशाला सांगता? आम्ही लावले की तुम्हाला कमी नाही का मिळणार?"

टिपवाल्याने वहिनींकडे असं पाहिलं, जणू त्याच्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. छत्री झटकून तो पुढच्या घोळक्यात गेला.

पहिल्या दोन शर्यतींविषयी लिहिण्यासारखं काही नाही. आम्ही हरलो. लिहिण्यासारखं आहे ते त्यानंतरचं. शर्यत सव्वा मिनिटाची, आणि दोन शर्यतींमध्ये अर्धा तास रिकामा ठेवलेला, तो कशासाठी हे तेव्हा कळतं. त्या अर्ध्या तासात प्रत्येकाला आपण का हरलो हे सांगायचं असतं. "माझा घोडा बरोबर होता, जॉकीने उशिरा सोडला." "ट्रॅक जड झालाय, याला कोरडी जमीन लागते." "आतल्या कठड्याला अडकला, नाहीतर चार लांब्यांनी आला असता." आपला घोडा वाईट होता असं म्हणणारा एकही माणूस सबंध रेसकोर्सवर भेटला नाही. तात्यांनी पहिल्या शर्यतीच्या पराभवाचं खापर वैरणीवर फोडलं, आणि वसंताने छापखान्यावर. आकडा चुकीचा छापला असणार, म्हणाला. दुसऱ्या शर्यतीनंतर तर दोघं इतकं सुंदर बोलले की आजूबाजूला पंधरा-वीस माणसं जमली. जिंकलेला माणूस बिचारा खिडकीपाशी मुकाट्याने पैसे घेत होता. त्याला कोण विचारणार? त्याच्याकडे सांगायला काही नव्हतंच.

तिसरी शर्यत, पॅडॉकमध्ये बघून ठेवलेल्या त्याच घोड्यांची, १२०० मीटर. वहिनी खिडकीवरून परत आल्या. हातात सात नंबरचं तिकीट, शंभर रुपये प्लेस. म्हणजे पहिल्या तिघांत आला तरी पुरे.

"सात कशावरून?" वसंताने विचारलं.

"तुम्ही चौघांनी दुपारपासून ज्यांची नावं घेतलीत ते सोडले. त्या छत्रीवाल्याचा सोडला. तात्या म्हणाले खुरात काहीतरी आहे तोही सोडला. राहिले त्यांत हिला आई चांगली आहे." सात नंबर घोडी होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

शर्यत सुरू होते ती पलीकडच्या टोकाला. पोलादी दारांच्या रांगेत घोडे कोंडतात, दारं एकदम उघडतात, आणि मग काही वेळ दिसतो तो नुसता सरकणारा रंगीत पट्टा. माझा पांढुरका मला दिसत होता, एवढं समाधान. तो शेवटून दुसरा होता. वळणावर पट्टा सुटा झाला, एकेक टोपी ओळखू यायला लागली, आणि इतका वेळ पुस्तकात डोकं घातलेलं ते सगळं स्टँड उभं राहिलं. शेवटच्या तीनशे मीटरला जे होतं ते टीव्हीवर कधी कळणार नाही. आधी पायाखालची जमीन हलते. मग आवाज येतो, टापांचा नव्हे, श्वासांचा. प्रत्येक टापेला घोड्याच्या नाकपुडीतून फर्र करून बाहेर पडणाऱ्या हवेचा. जॉकी पाठीवर बसलेले नसतातच, ते हवेत वाकून लटकलेले असतात. चिखलाचे गोळे उडत होते. अप्पा, ज्यांनी आयुष्यात प्लॅटफॉर्मवरसुद्धा कधी धावपळ केली नाही, कठड्यावर छत्री आपटून "चल, चल, लोणावळा गेलं, चल!" असं काहीतरी ओरडत होते. तात्या सहाला, वसंता तीनला. पारशी बाबा भिंग फेकून आपल्या घोड्याला एक शिवी हासडत होता, तिच्यातलं वात्सल्य मी विसरणार नाही.

पाच नंबर सरळ पुढे निघून गेला. टिपवाल्याची बातमी खरी होती! दुसरा कोणी एक, आणि तिसऱ्या जागेसाठी तीन आणि सात इतके जोडीने गेले की फलकावर फोटो लागला. म्हणजे वसंता आणि वहिनी. फोटो येईपर्यंतच्या दोन मिनिटांत वसंताने कॅमेऱ्याच्या कोनावर एक लहानसं व्याख्यान दिलं. वहिनींनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. निकाल लागला, सात नंबर, शॉर्ट हेड. म्हणजे नाकाहून थोडं जास्त.

आता हिशेब बघा. पाच नंबर फेव्हरिट. बातमी सगळ्यांनाच असल्यामुळे सगळ्यांनीच त्याच्यावर लावलेले. टोटने दहा रुपयांना तेरा दिले. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेवर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे शंभराची पैज लावणाऱ्याने वर चाळीस कर भरला आणि घोडा पहिला आल्यावर हातात पडले एकशेतीस. आतली बातमी, अचूक घोडा, आणि तोटा दहा रुपये. टिपवाला भेटला तेव्हा वसंताने त्याला हे गणित सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मी कुठे लावले? फेव्हरिटमध्ये काय आहे?"

वहिनींच्या सातला कोणी विचारलेलंच नव्हतं, त्यामुळे प्लेसचे दहाला अडतीस मिळाले. शंभराचे तीनशेऐंशी. कर आणि मूळ पैसे वजा जाता दोनशेचाळीस निव्वळ नफा, सबंध ग्रुपमध्ये दिवसभरातला एकमेव. वसंताने लगेच पुस्तकाच्या मागच्या पानावर ऑडिट केलं. प्रवेशाचे पैसे, पार्किंग, चहा, भजी, पेट्रोलचा पाचवा हिस्सा आणि अप्पांचं नुकसान, कारण ते एकाच कुटुंबाच्या खात्यात पडतं, असं सगळं धरून त्याने वहिनींना एकशेपंधरा रुपये तोट्यात आणलं, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर शांती दिसली.

चौथ्या शर्यतीनंतर तात्या दिसेनात. शोधायला गेलो तर ते पॅडॉकच्या कठड्याशी त्या काटक मोतद्दाराशी बोलत उभे होते. घोडीच्या मागच्या पायाला रात्री काय शेकायचं यावर दोघांचं एकमत होत आलं होतं. तात्यांनी त्यानंतर एकही तिकीट काढलं नाही. घोडे येताना आणि जाताना बघितले, आणि दर शर्यतीनंतर घामाने निथळणारं जनावर चालवत नेणाऱ्या पोरांना उगीचच "शाबास" म्हणत राहिले. आमच्यातला नल तेवढा शहाणा निघाला. ऋतुपर्ण शेवटच्या शर्यतीपर्यंत खिडकीवर होता, आणि जाताना नापास पोरगा पेपर तपासून घ्यायला नेतो तसं पुस्तक काखेत घालून घरी घेऊन गेला.

माझा पांढुरका सहावा आला होता. सबंध शर्यतभर दिसला मात्र स्वच्छ.

जायचं असेल तर सांगून ठेवतो. मोसम साधारण जुलैत सुरू होतो आणि दिवाळीच्या सुमाराला आवरतो. छत्री न्या, दुर्बीण असली तर न्या, लहान मुलांनाही पॅडॉक जरूर दाखवा. खिडकी दाखवायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. लावायचे तेवढेच पैसे खिशात ठेवा आणि बाकीचे घरी, किंवा वहिनींसारखं कोणी बरोबर असेल तर त्यांच्या पर्समध्ये. टिप कोणीही दिली तरी ऐकून घ्या, ती फुकट असते. आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा चाललो आहोत. तात्या आदल्या रात्रीच शेक द्यायच्या पुरचुंडीसह मोतद्दाराकडे मुक्कामाला जाणार म्हणतात, तेव्हा गाडीत एक जागा आहे. पेट्रोलचे पैसे वसंता आगाऊ घेतो.